करुणेचे आवाहन आणि हिशेबाची जबाबदारी

दिल्लीसह नोएडा, गुरुग्राम आणि फरीदाबाद परिसरात डिसेंबर-जानेवारीत थंडीचा कडाका वाढला, की महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सेवागटांची आवाहने समाजमाध्यमांवर फिरू लागतात. उड्डाणपुलाखाली कुडकुडणारे एखादे मूल, सोबत काळजाला भिडणारा दोन ओळींचा मजकूर आणि पैसे पाठवण्यासाठी यूपीआयचा क्यूआर कोड, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. या आवाहनांमुळे ब्लँकेटे, शिधा आणि वह्या-पुस्तके गरजूंपर्यंत पोहोचतात, हे निर्विवाद आहे. तथापि, लोकांच्या भावनेला हात घालून मिळवलेल्या मदतीबरोबर कोणत्या जबाबदाऱ्या येतात, याचा विचार क्वचितच होताना दिसतो.

एका चेहऱ्याला आकड्यांपेक्षा अधिक प्रतिसाद मिळतो, हे संशोधनानेही दाखवून दिले आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही सहभागींना आफ्रिकेतील माली देशातल्या सात वर्षांच्या एका मुलीची कहाणी सांगण्यात आली, तर काहींना लाखो उपासमारग्रस्तांची आकडेवारी देण्यात आली. मुलीसाठी सरासरी २.३८ डॉलर, तर आकडेवारी वाचणाऱ्यांकडून १.१४ डॉलर मिळाले. कहाणीला आकडेवारीची जोड देताच ही सरासरी १.४३ डॉलरवर घसरली. विद्यार्थ्यांच्या आवाहनांत एकच चेहरा का असतो, याचे उत्तर यात आहे.

दिल्लीने या परिणामाचा अनुभव सप्टेंबर २०१८ मध्ये घेतला. पश्चिम दिल्लीतील डाबरी भागात गटार साफ करताना मृत्यू पावलेल्या कामगाराच्या पार्थिवाजवळ रडणाऱ्या मुलाचे छायाचित्र एका पत्रकाराने ट्विटरवर प्रसिद्ध केले आणि त्या कुटुंबासाठी अल्पावधीत ५० लाख रुपयांहून अधिक निधी जमा झाला. त्याच्या पाच दिवस आधी, ९ सप्टेंबरला, मोतीनगर भागात सांडपाण्याच्या टाकीत पाच कामगारांचा बळी गेला होता. पण देशभरातील दात्यांना हलवले ते या एका छायाचित्राने. गटारात मृत्यू पावलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्येच दिला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख रुपये करण्यात आली. ही भरपाई त्या कुटुंबांचा हक्क आहे आणि तो मिळण्यासाठी कोणाचे छायाचित्र सर्वदूर पसरण्याची गरज असू नये. एका चेहऱ्यावर केंद्रित झालेली करुणा इतरांच्या हक्काचा प्रश्न मात्र मागे टाकते.

दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मालवीय नगरमधील ‘बाबा का ढाबा’ चालवणाऱ्या वृद्ध दांपत्याची चित्रफीत देशभर गाजली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. काही आठवड्यांतच चित्रफीत करणाऱ्याविरुद्ध निधीच्या गैरवापराची तक्रार पोलिसांकडे गेली. त्याने आरोप फेटाळला आणि २०२१ मध्ये ढाबाचालकाने त्याची जाहीर क्षमाही मागितली. हेतू चांगला असला, तरी कोणाच्या खात्यात किती रक्कम आली, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट नसेल, तर संशय निर्माण होतो, हा या प्रकरणाचा धडा आहे. विद्यार्थ्यांचे अनेक गट नोंदणीकृत नसतात आणि निधी एखाद्या सदस्याच्या वैयक्तिक खात्यात जमा होतो. त्यांना तर हा धडा विशेष लागू पडतो.

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न आहे तो मदत घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार, चौकशी, तपास किंवा न्यायालयीन कार्यवाहीविषयीच्या वृत्तात काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. विद्यार्थ्यांच्या आवाहनाला हे कलम थेट लागू होईलच असे नाही. परंतु त्यामागील तत्त्व त्यांनाही मार्गदर्शक ठरावे. ब्लँकेट एक-दोन हिवाळे टिकते. समाजमाध्यमांवर गेलेले छायाचित्र मात्र ते मूल मोठे झाल्यावरही त्याची पाठ सोडत नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे ब्रीद ‘मी नव्हे, तर तुम्ही’ असे आहे. वाटपाच्या छायाचित्रात देणाराच मध्यभागी असेल, तर या ब्रीदाचा विसर पडला, असेच म्हणावे लागेल.

भावनिक आवाहनावाचून सेवाकार्य उभे राहत नाही, असे मात्र नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ‘रॉबिन हूड आर्मी’ने पैसे न स्वीकारण्याचे धोरण ठेवले. उपाहारगृहांतील उरलेले अन्न गोळा करून ते गरजूंपर्यंत पोहोचवणाऱ्या या उपक्रमात विद्यार्थी आणि नोकरदार तरुण आपला वेळ देतात. प्रत्येक गटाला हा मार्ग शक्य नसला, तरी काही पथ्ये सर्वांनाच पाळता येतील. छायाचित्रासाठी संबंधितांची आणि बालकांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी, शक्यतो चेहरा टाळावा, निधी महाविद्यालयाच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात घ्यावा आणि ज्या पानावर आवाहन केले, त्याच पानावर जमाखर्च मांडावा. आवाहन एका दिवसात हजारोंपर्यंत पोहोचत असेल, तर हिशेबही तितक्याच लोकांपर्यंत पोहोचू शकतो. पुढच्या हिवाळ्यात दात्यांनी पुन्हा विश्वासाने हात पुढे करावा, यासाठी हे आवश्यक आहे.