घुमटावरचं चित्र
गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात १९९७पासून तारांगण आहे, पण शाळेच्या सहलीनंतर तिकडे न फिरकलेले नागपूरकर काही कमी नाहीत. तारांगणाच्या घुमटासाठी ॲनिमेशन करणं म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम. इथे चौकटच नसते. चित्र गोलात काढायचं. मधोमध ठेवलेला तारा थेट आपल्या डोक्यावर येतो, कडेचा क्षितिजाला टेकतो. दृश्य जरा झपकन फिरवलं की खुर्चीतल्या माणसाला गरगरतं, म्हणून तिथले ग्रह सावकाश सरकतात. खऱ्या आभाळाला असली पथ्यं नाहीत. २ एप्रिल २०२२ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चिनी रॉकेटचे जळते तुकडे विदर्भावरून गेले आणि गच्चीगच्चीवर मोबाइल उंचावले. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला तर धातूचं भलंमोठं कडंच येऊन पडलं. ते व्हिडिओ हललेले, धूसर, कलाकुसर शून्य. तरी मागून ‘अबे, पाह्य ना बे!’ ऐकलं की अंगावर काटा येतो, जो गुळगुळीत आकाशगंगा बघून सहसा येत नाही. ॲनिमेशन शिकणाऱ्या आमच्या पोरांनो, त्या संध्याकाळची एक फिल्म घुमटासाठी कराच, आणि आवाज मात्र गच्चीवरचेच ठेवा.