नीरेचा पाट आणि सातबारा नसलेला माणूस

पुणे जिल्ह्यातला नीरा डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून खोदायला घेतला गेला. त्या काळी अशा कामांवर महार होते, मांग होते, रान करपलेले कुणबीही होते. मजुरी किती असावी? सर रिचर्ड टेंपल यांनी माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे रोख पैसे पुरेसे ठरवले होते! १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. भाटघरचे धरण मागाहून झाले, १९२८ मध्ये तिथेच मोठे धरण उभे राहिले. वीरपासून बारामती-इंदापूरकडे सुमारे १०० मैल हा पाट जातो. ऊस आला, साखर कारखाने आले. आमच्या माणसांच्या वाट्याला बहुधा त्याच उसाची खुरपणी आली.

याचा दोष एखाद्या पाटकऱ्यावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. खोट व्यवस्थेतच आहे. पाणी कालव्यातून चारीत, चारीतून पोटचारीत आणि तिथून बांधावर येते. पाळी शेजपाळीने लागते हे खरे, पण पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरायला आधी लाभक्षेत्रात जमीन पाहिजे. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाटबंधारे खात्याला धारेवर धरले, ते शेतकऱ्यासाठी. ज्याला शेतच नाही त्याने कुठे जावे?

२००५ च्या कायद्याने कालव्याचा कारभार पाणी वापर संस्थांकडे देण्याची वाट खुली केली. लोकशाहीचे पाऊल म्हणून त्याचे कौतुक झाले. पण सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक किंवा भोगवटादार. भूमिहीन मजूर सभेच्या दाराबाहेर. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या सत्याग्रहाने भूमिहीनांना पडीक जमिनीवरचा हक्क सांगायला शिकवले. तरी गायरान नावावर नसलेला आजही कागदोपत्री ‘अतिक्रमक’च आहे.

दुसरी रीत अशक्य आहे काय? याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी घरातल्या माणसांच्या संख्येवर दिले जाई: माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला बंदी होती. त्या उपसा योजना लहान होत्या, मोठ्या कालव्यावर हे जड जाईल, असे इंजिनिअर सांगतील. सांगू द्या. माणशी हिशेब त्यांनी एकदा कागदावर मांडून तरी दाखवावा.

तोवर आपल्या गावच्या पाणी वापर संस्थेची सभासद यादी मागून घ्यावी आणि तीत आपल्या वस्तीतली नावे किती आहेत ते मोजावे.