ब्रेकच नाही, तर स्विच कशाला विकता?

ब्रेकअवे स्विचच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न म्हणजे, "दादा, आमच्या ट्रॅक्टर ट्रॉलीला हा बसेल का?" व्हिडिओत वायरिंग दाखवलं, आता माझं मत सांगतो.

आधी काम समजून घ्या. ट्रेलर सुटला की गाडीला बांधलेली तार ताणते, स्विचमधली पिन बाहेर येते, सर्किट जुळतं आणि ट्रेलरवरच्या १२ व्होल्ट बॅटरीचा करंट थेट इलेक्ट्रिक ब्रेकला जातो. म्हणजे ब्रेक हवा आणि बॅटरीही हवी. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉलींना इलेक्ट्रिक ब्रेक नसतोच. अशा ट्रॉलीला हा स्विच लावून बिल फाडणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. तो बिचारा "सेफ्टी बसवली" म्हणून निवांत होतो आणि साखळी लावायची सोडून देतो!

चोपड्यात ऊस, केळी, कापूस सगळं ट्रॉलीवरच जातं. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर भरलेल्या ट्रॉलीमागे मोटरसायकलवर अख्खं कुटुंब असतं. पिन निसटली तर किंमत ते मोजतात, आपण नाही. म्हणून साध्या ट्रॉलीवाल्याला सरळ सांगा: भाऊ, योग्य मापाची पिन, तिला लॉक, दोन मजबूत साखळ्या आणि मागे रिफ्लेक्टर. यात कमाई कमी आहे, मान्य. पण विकायचं ते हेच.

ज्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहे, तिथे मात्र काम पूर्ण करा, अर्धवट नको.

- आधी प्लग काढा, बॅटरी सोडा. साध्या स्विचला दोनच वायरी असतात: एक बॅटरीच्या प्लसला, दुसरी ब्रेकच्या वायरीला. त्यात उलटसुलट चालतं.
- वायर ब्रेकच्या वायरीइतकीच जाड घ्या. पिळून टेप मारलेला जोड पावसाळ्यात गंजतो. क्रिम्प करा, वर स्लीव्ह चढवा.
- तार गाडीच्या चासीला बांधा, जोडणीच्या पिनेला कधीच नाही. ती पिनच निघाली तर तार ट्रेलरसोबतच जाईल आणि स्विच ओढलाच जाणार नाही.
- वळणावर ताणणार नाही इतकी ढिली, पण प्लगची केबल तुटायच्या आत ओढेल इतकी आखूड तार ठेवा.
- प्लग काढलेला असताना चाक जॅकवर उचला, पिन ओढा. चाक हाताने फिरलं तर गाडी देऊ नका.

आणि हा पार्किंग ब्रेक नाही. पिन काढून ठेवली की बॅटरी उतरते, कॉइल तापते.

काही जण म्हणतील, "एवढं कोण बघतं?" अमेरिकेत व्यावसायिक ट्रेलर सुटल्यावर ब्रेक किमान १५ मिनिटं लागून राहिला पाहिजे, असा नियम आहे. रेल्वेसाठी वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये असा एअर ब्रेक आणला की पाइप तुटला तर ब्रेक आपोआप लागतो. विचार जुनाच आहे: जोड तुटला की गाडी थांबली पाहिजे.

आता धंद्याचं बोलू. चाक जॅकवर उचलून घेतलेली टेस्ट गिऱ्हाइकासमोर करा, बिलात वेगळी ओळ लिहा, तिचे पैसे घ्या. फुकट दिलेल्या टेस्टची किंमत कोणी करत नाही. आणि जिथे स्विच चालणार नाही तिथे "नाही" म्हणा. आज एक विक्री जाईल, पण पुढच्या सीझनला तोच माणूस गावातली चार गिऱ्हाइकं घेऊन येईल.

तुमच्या दुकानात काय करता? कमेंटमध्ये नक्की सांगा.