सायकलीची माधुकरी

मागणें हें मुळांतच वाईट, असें म्हणण्याचें धार्ष्ट्य महाराष्ट्रांत तरी कोणीं करूं नये. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं या प्रांताची विद्या पुढें नेली. सार्वजनिक कार्यासाठीं झोळी खांद्यावर टाकणाऱ्या पुरुषांस तर आम्ही थोरच मानीत आलों. तेव्हां पुढील टीका याचनेमात्रावर नाहीं, हें आरंभींच स्पष्ट केलेलें बरें. आमचा आक्षेप आहे तो अलीकडे बोकाळलेल्या एका निराळ्याच याचनेवर. दोन वेळां पोटभर जेवून असलेला सुखवस्तु घरांतील तरुण आंतरजालावरून हजारों अपरिचितांस आवाहन करतो कीं, मला शर्यतीची उंची सायकल हवी आहे, ती मला परवडत नाहीं, तरी कोणी उदार गृहस्थानें ती मला फुकट द्यावी. बरें, सायकल कोणतीही चालेल, असेंही नाहीं. सांगाडा कार्बनच्या तंतूंचाच पाहिजे, गिअर विजेवर बदलणारेच पाहिजेत, चाकेंही अमुकच. असल्या सायकलीची किंमत आज दहा लाख रुपयांच्याही पुढें जाते.

या याचनेचे कैवारी एकच प्रश्न पुन: पुन: विचारतात. देणारा स्वखुशीनें देतो, घेणारा उघडपणें मागतो. मग तिऱ्हाइताच्या पोटांत कां दुखावें? प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. परंतु या व्यवहारांत दोनच पक्ष आहेत असें त्यांत गृहीत धरलें आहे. वास्तविक येथें तिसराही एक पक्ष आहे, आणि तो म्हणजे खरा गरजवंत. लहान मुलांचे स्नायू निकामी करणारा एक दुर्मिळ आनुवंशिक रोग आहे. त्यावरील एका औषधाच्या एकाच मात्रेची किंमत सुमारें १६ कोटि रुपये. २०२१ सालीं आपल्या देशांतील अशा कांहीं मुलांच्या आईबापांनीं अपरिचितांपुढें पदर पसरला. आणि ज्यांनीं त्या मुलांचें तोंडही पाहिलें नव्हतें, अशा असंख्य लोकांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें थोडथोडे रुपये पाठवून ती रक्कम उभी केली. परक्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची ही सवय समाजानें फार सायासानें कमावलेली असते. ती गांवच्या विहिरीसारखी आहे. तहानेलेल्यास तेथें कोणी अडवूं नये; पण म्हणून उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्या हौसेचा घोडा धुण्यासाठीं कोणी तिचा उपसा करूं लागला, तर त्याला चार शब्द सुनावण्याचा अधिकार साऱ्या गांवाला आहे. दहा फुकट्यांचीं आवाहनें वाचून विटलेला मनुष्य अकरावें आवाहन न वाचतांच दूर सारतो. तें अकरावें आवाहन कदाचित् एखाद्या मरणोन्मुख मुलाचें असेल!

माधुकरीचा दाखला देऊन या नव्या याचकांस कोणी पाठीशीं घालूं पाहील, म्हणून तिचें स्वरूपही नीट ध्यानांत घ्यावें. माधुकरी मागणारा मुलगा ठराविक घरीं जात असे. तो कोणाचा कोण, काय शिकतो, अभ्यास करतो कीं उनाडक्या करतो, हें त्या घरच्या बाईला ठाऊक असे. झोळींत पडेल तें तो निमूटपणें घेई. भाकरी मिळाली तर भाकरी, भात मिळाला तर भात. त्यानें श्रीखंड मागितल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं! आणि त्या अन्नाचें ऋण तो पुढें आपल्या दारीं आलेल्या मुलास जेवूं घालून फेडीत असे.

सार्वजनिक वर्गणीची गोष्टही अशीच. अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाचें कार्य आरंभिलें, तें आधीं स्वत:च्या पदरची पुंजी त्यांत घालून. मग ते लोकांच्या दारीं गेले. ज्या विधवांस समाजांत कोणी वाली नव्हता, त्यांच्यासाठीं ते गेले, आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब देत गेले. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा फंडासाठीं माणशीं वर्षाकाठीं एक पैसा मागितला. त्यांतूनच १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला. आधीं आपलें घालणें, दुसऱ्यासाठीं मागणें आणि घेतलेल्याचा हिशेब देणें, या तीन गोष्टींनीं याचनेला प्रतिष्ठा येते. सायकलीच्या याचकाजवळ यांपैकीं एक तरी आहे काय?

आतां प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा घेऊं. समजा, मुलगा खरोखरीच गुणी आहे, पण दरिद्री आहे. उत्तम सायकलीवांचून तो शर्यतींत मागें पडेल. मग त्यानें काय करावें? या मुलाविषयीं आम्हांसही कळकळ आहे. तथापि साधनाचें माहात्म्य किती मानावें, याचा थोडा हिशेब केला पाहिजे. चढणीवर स्वाराची बहुतेक शक्ति एकंदर वजन वर नेण्यांत खर्च होते. स्वार सत्तर किलोंचा आणि साधी बरी सायकल नऊ किलोंची धरली, तर ओझें एकोणऐंशी किलो. शर्यतींसाठीं आंतरराष्ट्रीय संघानें २००० सालापासून सायकलीचें किमान वजन ६.८ किलो ठरविलें आहे. सात किलोंची सायकल घेतली तरी ओझें सत्त्याहत्तर किलो उरतेंच. म्हणजे लाभ शेंकडा अडीचांचा. पहिल्या दोघां स्वारांत निवड करावयाची असेल तेथें हा लाभ मोठा खरा. परंतु ज्याला अजून बोरघाट न थांबतां चढवत नाहीं, त्याला तो काय कामाचा?

स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्री याची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. सायकलींचें दुकान बुडालेल्या या मनुष्यानें स्वत:च्या हातांनीं सायकल बनविली, आणि तिच्या पायट्यांच्या आंसासाठीं कपडे धुण्याच्या यंत्रांतील बेअरिंगें वापरलीं. तिच्यावर बसून त्यानें जुलै १९९३ मध्यें नॉर्वेंतील हामार येथें एका तासांत ५१.५९६ किलोमीटर अंतर तोडून जागतिक विक्रम केला. तो विक्रम सहाच दिवसांत ख्रिस बोर्डमन यानें मोडला, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण ओब्रीनें आधीं पाय कमावले होते आणि सायकल मागून घडविली होती, हा क्रम आमच्या याचकांनीं ध्यानांत धरावा.

या खेळाची जुनी परंपरा तर याहूनही कठोर होती. १९१३ सालच्या फ्रान्सच्या महाशर्यतींत पिरेनीज पर्वतांतील तूरमाले घाट उतरतांना यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक पायीं चालला. खालच्या गांवांत लोहाराची भट्टी गांठून, पंचांच्या देखत, त्यानें तो चिमटा स्वत: जोडला. तरीही त्याला दंड झालाच. कारण भात्याला हवा घालण्यास एका पोरानें हात लावला होता! तो नियम अतिरेकी होता, याविषयीं आमचा वाद नाहीं. पण ज्या खेळांत भात्याची फुकट हवादेखील दोष ठरली, त्याच खेळाच्या नांवानें आज दहा लाखांची सायकल फुकट मागावी, यापरता उपहास तो कोणता?

गुणी व दरिद्री मुलासाठीं मार्ग आहेत, आणि ते मोकळे करणें हें समाजाचें कर्तव्य आहे. ज्यांनीं त्याला घाम गाळतांना पाहिलें आहे, त्या शिक्षकांकडे, गांवकऱ्यांकडे व क्रीडामंडळाकडे त्यानें जावें. मंडळानें चार चांगल्या सायकली बाळगाव्या, त्या पात्र मुलांस हंगामापुरत्या द्याव्या व परत घेऊन पुढच्या मुलाच्या हातीं सोंपवाव्या. अशी सायकल मागण्यांत कसलाही कमीपणा नाहीं. कारण ती घेणारा एका परंपरेचा वाटेकरी होतो, आणि परत करतांना तिची साखळी पुसून, तेल घालून परत करतो.

राहिला तो हौशी. त्याला आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, बाबा रे, हौस तुझी, तिचें मोलही तूंच दे. पैसे साठेपर्यंत घरांत असेल त्या सायकलीवर बैस. ती जड असेल तर उत्तमच. पाय लौकर तयार होतील. अपरिचितांची दया मात्र ज्यांच्यासाठीं आहे त्यांच्यासाठीं राहूं दे.