चालतंय ना, मग झालं?

बाबांच्या जुन्या अँपला रेडिओ की मोबाइल हे निवडणारा स्विच बनवला. ५ व्होल्टवर सीडी४०६६, हुकूम देणारा ३.३ व्होल्टचा ईएसपी३२. माझ्या टेबलावर मस्त चालला! बाबांकडे मात्र फ्रिज सुरू झाला की गाणं तुटायचं.

मग डेटाशीट उघडलं. ५ व्होल्टवर ४०६६ ला ‘१’ नक्की कळायला किमान ३.५ व्होल्ट लागतात. म्हणजे माझे ३.३ त्याच्या मेहेरबानीवर चालत होते. ७४एचसीटी४०६६ लावला, त्याला २ व्होल्ट पुरतात. आता फ्रिज आणि लताबाई दोघंही सुखात :)

‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणणाऱ्याला आपण हसतो, आणि शनिवारी तेच करतो. चालणं वेगळं, चालण्याची हमी वेगळी. ‘टिपिकल’ आकड्यावर खूश होऊ नका राव, ‘मिनिमम’ वाचा.