प्रतिकारशक्ती बाटलीत मिळत नाही

"डॉक्टर, इम्युनिटी वाढवायचं काहीतरी लिहून द्या." हे मी रोज ऐकतो आणि रोज नकार देतो.

एका घन मिलीमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. न्यूट्रोफिल जंतूंना गिळतात, बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात, टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी नष्ट करतात. हेच सैन्य आपल्यावर उलटलं की आमवात, ल्युपससारखे आजार होतात. मग वाढवायचं नेमकं काय? बाटलीवर ते लिहिलेलं नसतं.

"नैसर्गिक आहे, अपाय कसला?" कोविडच्या काळात मुंबईत गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे.

राग याचा येतो की काढ्यांवर पैसे उधळणारा मधुमेही साखर ३०० वर ठेवतो आणि लस टाळतो. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत. लस मात्र त्यांना शत्रू ओळखायला शिकवते.

साखर आटोक्यात ठेवा, तंबाखू सोडा, पुरेसं झोपा, लस वेळेवर घ्या. बाटलीच्या पैशात डाळ, अंडी, भाजी आणा.