धुण्याच्या सोड्याचे एक पाकीट



गेल्या रमजानमधली गोष्ट. चितेगावात आमच्या शेजारच्या खालांकडे इफ्तारला भजी तळली होती. रोजा असल्याने पीठ कोणी चाखून पाहिले नव्हते. अजान झाली, खजूर-पाणी झाले आणि धाकट्याने पहिले भजे तोंडात टाकून लगेच थुंकले. जीभ चुरचुरत होती, चव साबणासारखी. सुनेने खाण्याच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा टाकला होता. दोन्ही पांढरे, दोन्ही एकसारख्या बरण्यांत, एकाच फळीवर. अल्लाहचा शुक्र, एका घासावरच निभावले. मुलाला भरपूर चुळा भरायला लावल्या आणि भज्यांची परात फेकून द्यावी लागली.

त्या दिवसापासून खालांनी धुण्याचा सोडा घरातच नको, असे ठरवले. मला ते पटले नाही. दोष सोड्याचा नव्हता, बरणीचा होता. पगार पंधरा तारखेलाच संपतो अशा घरात इतक्या कामांना येणारी दुसरी स्वस्त वस्तू क्वचितच मिळेल.

हा सोडा म्हणजे कपडे धुण्याचा खार. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी याच जातीच्या क्षारांमुळे खारे आहे. त्या भागात काच आणि साबण बनवण्याचे साहित्य मिळते, अशी नोंद अबुल फजल यांच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. आज तो कारखान्यात मीठ आणि चुनखडीपासून तयार होतो आणि किराणा दुकानात सुटाही मिळतो.

बोअरचे पाणी : आपल्याकडे बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, वर पांढरी साय येते. पाण्यातील चुन्याचे क्षार साबण खाऊन टाकतात. कपडे भिजवण्याआधी १५ लिटरच्या बादलीत एक चहाचा चमचा सोडा नीट विरघळवा आणि दहा मिनिटे थांबा. क्षार तळाशी बसतात आणि साबण निम्म्याने पुरतो की नाही, ते तुम्हीच पाहा. खात्री करायची तर दोन बाटल्यांत तेच पाणी घ्या, एकीत चिमूटभर सोडा टाका, दोन्हींत साबणाचा सारखाच कीस घालून हलवा. फरक डोळ्यांनी दिसेल.

मोरीची तुंबलेली नळी : बकरी ईदनंतर भांड्यांची चरबी नळीत गोठते. आधी भांडी कागदाने पुसून चरबी कचऱ्यात टाका. मग अर्धा लिटर गरम पाण्यात चार मोठे चमचे सोडा पूर्ण विरघळवून रात्री मोरीत ओता. अर्ध्या तासाने बादलीभर गरम पाणी सोडा. कोरडा सोडा नळीत कधीच टाकू नका, त्याचे खडे होऊन नळी आणखी तुंबते. नळी प्लास्टिकची असेल तर पाणी उकळते नको.

बाकीची कामे : चहाने काळे पडलेले चिनी मातीचे कप, स्टीलची गाळणी, गॅसच्या ओट्यामागच्या तेलकट फरशा, एक्झॉस्ट पंख्याची काढून ठेवलेली प्लास्टिकची पाती, कचऱ्याचा डबा. एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा सोडा, थोडा वेळ भिजवणे आणि साध्या पाण्याने धुणे, एवढेच. चार कामांना चार बाटल्या आणायची गरज नाही.

आता जिथे वापरू नये, ते.

अॅल्युमिनियमचे पातेले, कुकर किंवा देग याने काळी पडते आणि झिजते. कल्हईच्या भांड्यांनाही लावू नका. लोकर आणि रेशीम खराब होते, म्हणून शाल आणि निकाहचा जोडा दूर ठेवा. गीझर आणि नळावरचा पांढरा थर सोड्याने जात नाही, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर लागते. मात्र सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका. फेस खूप दिसतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि पैसे वाया जातात. सोड्याचे पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतू नका, माती बिघडते.

हातमोजे घाला, नसतील तर नंतर हात धुऊन तेल लावा. डोळ्यात उडाला तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांकडे जा. मुलाने गिळला तर उलटी करवू नका, तोंड धुऊन पाकिटासह थेट दवाखाना गाठा.

आणि बरणीचे. धुण्याचा सोडा स्वयंपाकघरात ठेवूच नये. न्हाणीघरात, उंच फळीवर, झाकण घट्ट, वर मोठ्या अक्षरांत ‘धुण्याचा’ असे लिहिलेले. घरात कोणाला वाचता येत नसेल तर झाकणाला लाल चिंधी बांधा.

हे सगळे मी खालांना सांगितले. परवा त्यांच्या न्हाणीघरात लाल चिंधी बांधलेला डबा दिसला. “मोरी साफ झाली गं,” त्या म्हणाल्या, “पण भजी आता मीच करते.”

इस्राफ टाळणे म्हणजे नुसते कमी खर्च करणे नव्हे. हातातली वस्तू जाणून, जपून आणि तिच्या जागीच वापरणे हेही त्यातच आले.